बंद-चालू करायचं नाही म्हणणारे भास्करसर

राजूरच्या मंडळींनो, डोंगरातल्या गावांतून आलेल्या पालकांनो आणि क्लासच्या पोरापोरींनो, माईक हातात दिलाय खरा, पण बोलावं काय ते सुचत नाही. गेल्या आठवड्यात सरांशी फोनवर हसून बोलले होते. आज त्यांच्या फोटोला हार घालून तुमच्यापुढं उभी आहे. अडखळले तर सांभाळून घ्या.

मी मंगल. भास्करसरांच्या पहिल्या विद्यार्थ्यांतली. आता संगमनेरला एका पतसंस्थेचं नेटवर्क सांभाळते. सरांचा क्लास किराणा दुकानाच्या माडीवर, तुम्हाला ठाऊकच आहे. तिथले कॉम्प्युटर कुणीकुणी टाकून दिलेले. सरांनी ते गोळा केले आणि त्यांच्यावर विंडोजच्या जागी लिनक्स घातलं. ते फुकट मिळतं, जुन्या मशिनवर चालतं आणि उघडून आत बघता येतं. आत बघता येतं, याचंच सरांना भारी कौतुक. त्या मशिनवर त्यांनी आम्हाला नेटवर्क जोडायला शिकवलं. त्याहून जास्त, बिघडलेलं शोधायला शिकवलं.

क्लासचा एक नियम होता. नेट गेलं तरी मशिन बंद करून चालू करायचं नाही. कुणाचा हात बटणाकडं गेला की सर आधीच बटणावर तळवा ठेवायचे. म्हणायचे, "हात काढ. बंद-चालू केलं की बिघाड लपतो, जात न्हाई. आधी सांग, काय झालं आसंल?" आधी तोंडानं सांगायचं, मगच कीबोर्डला हात लावायचा. सुरुवात तारेपासून. तार नीट बसलीय का? दिवा लागतोय का? मशिनला पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा तिचा नंबर, मिळालाय का? बाहेर जायचा रस्ता तिला माहीत आहे का? मधलं काही गाळलं की सर परत तारेपाशी आणून उभं करायचे. लई चिडायचो आम्ही.

एकदा बाजाराच्या दिवशी माझ्या मशिनचं नेट येत होतं आणि जात होतं. खाली भाजीवाल्यांचा ओरडा, वर मी रडकुंडीला आलेली. सगळं तपासलं, सगळं बरोबर. सर म्हणाले, "तुजी तार काढ. आता शेजारच्या मशिनवरून तुज्या पत्त्याला हाक मार." मारली, म्हणजे 'आहेस का' असा संदेश त्या पत्त्यावर धाडला. तार माझ्या हातात, आणि तरी उत्तर येत होतं. मी हातातली तार परत परत बघितली. सर शांतपणे म्हणाले, "मंगल, तुजी तार तर हितं हाय. मग ओ कोन देतंय?"

कोपऱ्यातल्या मशिनला कुणीतरी माझाच पत्ता देऊन ठेवला होता. दोन घरांना एकच नंबर, मग पोस्टमन बिचारा कधी इकडं जाणार, कधी तिकडं. सर म्हणाले, "बंद-चालू केलं आसतंस तर घटकाभर चाललं आसतं. आन् तू म्हनली आसतीस, झालं नीट." मंडळी, तेवढ्या एका बोलण्यावर मी आजवर नोकरी केली.

मग आता मला सांगा. असा माणूस स्वतःच्या बाबतीत काय करत होता?

शोभाकाकूंनी, सरांच्या पत्नींनी, परवा मला सांगितलं. माडीचा जिना चढताना सरांच्या छातीत कळ यायची. ते मध्येच पायरीवर बसायचे. खिशातली पित्ताची गोळी चघळायचे आणि जरा वेळानं उठायचे. काकू म्हणायच्या, "आवं, संगमनेरला दाखवून येऊ." सर म्हणायचे, "पित्त हाय. बसलो की जातंय. पोरांची परीक्षा हू दे, मग बघू." बसायचं आणि उठायचं. परत बसायचं आणि उठायचं. सर, हे दुसरं काय होतं? बंद-चालूच ना? आम्हाला एकदा तरी असं करू दिलंत का तुम्ही?

गेलेल्या माणसावर शोकसभेत रागवू नये, हे मला कळतं. पण मी रागावलेय. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका होता, आधी आणलं असतं तर इलाज करता आला असता. आधी म्हणजे कधी? ते पायरीवर बसले तेव्हा. पहिल्यांदा बसले तेव्हा. अहो, ज्या माणसानं आम्हाला बिघाडाला भ्यायचं नाही म्हणून शिकवलं, तो स्वतःच्या छातीत बघायला भ्याला. याचं मला फार वाईट वाटतं. फार.

क्लासचं काय, असं सगळे विचारताय. क्लास बंद पडणार नाही. शनिवार-रविवार मी येईन.

आता काकू, तुमच्याकडं बघून बोलते. आल्यापासून बघतेय, तुम्ही भिंतीला धरून चालताय. डोळ्यांपुढं अंधारी येते म्हणालात. मी काळजी केली तर म्हणालात, "रडून रडून हुतंय बाई, जरा पडलं की बरं वाटतंय." सगळ्या गावासमोर सांगते, म्हणजे तुम्हाला मोडता घालता येणार नाही. उद्या सकाळी मी गाडी घेऊन तुमच्या दारात येते. आपण संगमनेरला जाऊ. डॉक्टर सांगतील ते सगळं तपासू. काहीच निघालं नाही तर वाटेत चहा पिऊन परत येऊ. पण 'मग बघू' असं आता या घरात कुणी म्हणायचं नाही.

मंडळी, सरांसाठी उठून उभे राहू या. थोडा वेळ कुणीच काही बोलू नका.

काकू, तुम्ही उठू नका. बसूनच हात जोडा.