वायर खोटं बोलत नाही

...आणि वर मलाच विचारतात, "सीट का हलत नाही?" अहो, हलत नाही म्हणजे हलत नाही! बटण दाबलं की पुढे, बटण दाबलं की मागे, अशी विजेवर चालणारी सीट, ती ढिम्म! आता तुम्हाला सांगतो, गाडी कुणाची? सासऱ्यांची. आणि मी कोण? गाड्यांच्या वायरिंगचा मिस्त्री! बावीस वर्षं! दुकानात येईल त्याला एकच ऐकवतो, वायर खोटं बोलत नाही, माणसं बोलतात! काय वाक्य आहे... माझं मलाच आवडतं!

बरं, सीट अडकली कुठे? पार मागे! आणि सासरेबुवा उंचीनं केवढे? जेमतेम स्टिअरिंगच्या वर डोकं येतं! पाय ब्रेकला पोचेनात. पाठीला दोन उशा लावल्या, तर छातीनंच हॉर्न वाजायला लागला! आणि सासूबाईंना गुडघ्याच्या व्यायामाला दवाखान्यात नेणार ते फक्त सासरे, फक्त याच गाडीतून, असा त्या घरातला कायदाच आहे. म्हणजे गाडी बंद, व्यायाम बंद. बाई भिंत धरून स्वयंपाकघरात जात होत्या हो...

मग मी गेलो. टेस्टर, मीटर, पाने, सगळी पेटी घेऊन! शेजारचे टेलर तर खुर्ची टाकूनच बसले बघायला. बटण दाबलं. शांतता. आता मोटर अडकली असेल, तर निदान टक् तरी वाजतं. टक् पण नाही म्हणजे वीजच येत नाही. आणि वीज येत नाही तर पहिलं काय बघायचं? फ्यूज! तुम्हालासुद्धा कळलं की नाही? मग मला का नाही कळलं? कळलं होतं हो! पण फ्यूज बघायचा म्हणजे काय, झाकण उघडा, बघा, लावा... टेलर खुर्ची टाकून बसलाय, त्याला काय वाटेल? मी म्हटलं, सीटच बाहेर काढतो!

बॅटरीची तार सोडली, चार बोल्ट खोलले, सीट उचलून थेट बैठकीच्या खोलीत. सासरे लगेच तिच्यावर जाऊन बसले, म्हणाले, "इथे बरी आहे." आणि इकडे गाडीत, सीटच्या जागी, मॅटवर... एक तपकिरी डाग! झालं! माझ्या अंगात संचारलं.

"आई, इथे चहा कुणी सांडला?"

सासूबाई दारातनं म्हणाल्या, "चहा होय... पण जावईबापू, मागच्या महिन्यात तुम्ही ते हिरवं..."

"आई, विजेचं काम आहे हे! चहा कुणी सांडला तेवढं सांगा!"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग सासऱ्यांकडे, मग टेलरकडे. आणि हळूच म्हणाल्या, "माझ्याच हातून सांडला असेल. थर्मासचं झाकण लागत नाही नीट."

"बघा!" मी म्हटलं. "वायर खोटं बोलत नाही!"

टेलर वा वा म्हणाले. सासरे सुरू झाले, "सांगत होतो, गाडीत चहा नको, सांगत होतो!" सासूबाईंनी थर्मास पुसला आणि फडताळात वरच्या फळीवर ठेवून दिला. दुखऱ्या गुडघ्यानं, टाचा उंचावून...

बरं, वायरी धुतल्या, पुसल्या, सीट लावली. ढिम्म! मोटर दुकानात नेऊन थेट बॅटरीवर लावली, तर झुंईऽऽ! मोटर ठणठणीत, बटण ठणठणीत, वायर ठणठणीत. फक्त माझं डोकं सोडून! तिसऱ्या दिवशी मोटर परत सीटला जोडली आणि, टेलर नाहीत असं बघून, गुपचूप फ्यूजचं झाकण उघडलं. सीटच्या फ्यूजची जागा... रिकामी.

आणि आठवलं! मागच्या महिन्यात याच गाडीच्या रेडिएटरच्या पंख्याचा फ्यूज उडाला होता. माझ्याकडचे तेवढ्या ताकदीचे संपलेले. मीच सीटचा हिरवा फ्यूज उपटून तिकडे बसवला! उद्या आणून टाकतो म्हटलं. आणि त्याआधी गाडी फिरवून बघताना, लांब पायांचा मीच, सीट पार मागे नेली होती! आणि फ्यूज उपटताना शेजारी टॉर्च धरून कोण उभं होतं? विचारा ना, कोण?

सासूबाई!

गुपचूप नवा फ्यूज बसवला. सीट लोण्यासारखी पुढे. सासरे खूश! "चहाच होता ना?" मी तोंड उघडलं, देवाशपथ उघडलं... मागनं सासूबाई म्हणाल्या, "चहाच असणार." मग स्वयंपाकघरात माझ्या हातात कप देत हळूच, "ते हिरवं बसवलंत ना परत? झालं तर. यांना काही सांगत बसू नका. टेलरसुद्धा होते, चारचौघांत तुमच्या धंद्याचा प्रश्न. माझ्या हातून काय, सांडतंच."

कप कुठे ठेवू कळेना. लाज वाटली हो. बावीस वर्षांत एवढी कधी वाटली नाही. वायर खोटं बोलत नाही... सासूबाई बोलतात! माझ्यासाठी!

दोनदा सांगायला गेलो सासऱ्यांना. दोन्ही वेळा त्यांनी मला मोटर म्हणजे काय ते समजावून सांगितलं. आता सगळे मिळून कुठे निघालो, की ते सीट पुढे घेतात, मागे वळून बायकोला दरडावतात, "चहा नाही ना घेतलास?" त्या म्हणतात, "नाही हो."

आणि मी शेजारी बसून खिडकीबाहेर बघतो.