डावं हेड माझं, उजवं दादाचं

हॅलो?… हां, मीच… नाही, तू नको बोलूस, आधी नुसतं ऐक. बरं झालं तू फोन केलास. मी फोनचं निमित्त करून शेडमधून पळून आलेय. मागच्या खोलीत आहे, खिडकीतून शेड दिसतेय.

अगं नाही, कोणी आजारी वगैरे नाही. जीप… हो, तीच, बाबांची जुनी.

ऐक ना. ती चढावर तापली होती, वाफेचे लोट निघाले, सांगितलं होतं तुला… हां. तर हेडचं गॅस्केट गेलेलं, म्हणजे हेडखालची पाणी न् तेल वेगळं ठेवणारी पातळ पट्टी. तेलात पाणी शिरून तेलाचा पार चहा झाला होता.

हेड म्हणजे… अगं, इंजिनाचं जाड झाकण समज. सिलिंडरच्या वर बसतं, त्यातच उघडझाप करणारे व्हॉल्व्ह असतात. आमच्या इंजिनाला दोन बाजूंना दोन हेडं. मग बाबा म्हणाले, दोन हेडं, दोन पोरं. डावं तू कर, उजवं दादा करेल. ज्याचं काम सरस, त्याची जीप.

खरंच गं… शर्यत कसली, डोक्यातलं खूळ. गॅरेज बंद केल्यापासून त्यांच्या हाताला काम नाही, मग आमच्या हातांना लावतात. आणि वर काय, तर बरोबरी झाली तर मोठ्याची. म्हणजे दादाची. तो हाफपँटीत होता तेव्हापासून ती त्याचीच ठरलेली. मला नुसती पुसायला द्यायचे.

आणि मला हवीच होती ती. सोमवारी टेकडीवरच्या रोपवाटिकेत रुजू व्हायचंय. तिथे बस जात नाही, स्कूटर अर्ध्या वाटेत मान टाकते. जीप नाही तर नोकरी नाही… हो, तीच नोकरी.

तर दादा रजा टाकून आला. टेबलाच्या या टोकाला मी, त्या टोकाला तो. लेथवाल्याकडून हेडं सपाट करून आणली, काजळी खरवडली, मग व्हॉल्व्ह जागेत फट न राहता बसावेत म्हणून ते घासायला बसलो… फडक्यानं नाही गं. एका काडीला रबरी वाटी असते. ती व्हॉल्व्हला चिकटवायची, खाली खरखरीत पेस्ट लावायची आणि काडी दोन तळहातांत धरून रवीसारखी घुसळायची. आवाज बदलेपर्यंत. आधी खर्रखर्र, मग मऊ मऊ होत जातो. तळहातांची सालं निघालीत माझ्या… हस तू.

आणि एकेक व्हॉल्व्ह आपापल्या जागेसाठीच घासलेला असतो हां. शेजारच्या जागेत घातला की गळलाच. म्हणून त्यावर खुणेचे ठिपके ठोकायचे. पहिल्या जागेच्या व्हॉल्व्हला एक, दुसऱ्याला दोन, असे. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आज सकाळी परीक्षा. हेडं उलटी ठेवून वर रॉकेल ओतलं. खालून पाझरलं नाही तर पास. माझं अगं एक थेंब नाही. मी वाकून वाकून बोट फिरवत होते, कोरडं ठाक. आणि दादाचं दोन जागी ठिबकायला लागलं.

हो, जिंकले… थांब, अभिनंदन नंतर कर.

मला वाटलं आता बाबा दादाला सोलून काढणार. तर काहीच नाही. शेजारच्या सुताराला बोलावून माझं हेड दाखवलं, दोनदा दाखवलं. दादा आपला मान खाली घालून हात पुसत उभा.

मग बाबा आणि दादा आत गेले खायला. मी म्हटलं, बघावं दादाचं गळतंय कुठे. जीप माझी म्हणजे दोन्ही हेडं मलाच निस्तरायची. बॅटरी मारली, तर दुसऱ्या जागेत तीन ठिपके आणि तिसरीत दोन.

हो… हो, अदलाबदल. बाबांना चष्म्याशिवाय कुठले दिसतायत ठिपके.

अगं तेच तर, दादाकडून? जो मोज्यांच्या जोड्यासुद्धा रंगाप्रमाणे लावतो? पण तेव्हा मला ते सुचलंच नाही. एवढंच सुचलं, की हे कुणी बघितलेलं नाही.

खोटं कशाला बोलू, हिशोब केला मी. व्हॉल्व्ह जागेवर घातले की दादाचंही कोरडं, मग बरोबरी, मग जीप मोठ्याची. आणि गप्प बसले तर माझी.

शेवटी काढले बाई. स्प्रिंगा दाबून सोडवल्या, दोघांना आपापल्या घरी घातलं, परत रॉकेल ओतलं. कोरडं. आणि काय घासलेत गं त्यानं… माझ्यापेक्षा कांकणभर सरसच.

रॉकेल डब्यात काढून ठेवलं आणि गेले दादाकडे. तो बॅग भरत होता. म्हटलं, दादा, तुझे दोन व्हॉल्व्ह… तर त्यानं आधी दार लावून घेतलं. म्हणाला, "एवढं बारीक बघायला तुला कोणी सांगितलं होतं?"

हां. मुद्दाम.

नाही गं, माया वगैरे काही नाही. मीही आधी तसंच समजून डोळे भरून घेतले. त्याला जीप नकोच आहे. त्याच्या इमारतीत गाडी लावायला जागा नाही आणि वहिनी म्हणते, तो खटारा आणलास तर खाली त्याच्यातच झोप. पण बाबांना तसं सांगायची हिंमत नाही. म्हणे, "नाही म्हणण्यापेक्षा हरणं सोपं होतं."

आता तू सांग… नाही, अजून नको सांगूस, अजून आहे.

म्हटलं ठीक, आपल्याला काय, आपलं काम झालं. परत शेडमध्ये आले, तर बाबा दादाच्या हेडसमोर स्टूल टाकून बसलेले. म्हणाले, "त्याच्या हातचं काम कधी गळायचं नाही गं. मीच कुठेतरी शिकवायला कमी पडलो." इतका बारीक आवाज मी त्यांचा ऐकलाच नव्हता. जीपचं काही नाही त्यांना, दादाच्या हाताचं लागलंय. मग स्प्रिंग दाबायचा शिकंजा बघून मला विचारलं, तू उघडलंस ना हे, नक्की काय चुकलं होतं त्याचं?… आणि तुझा फोन वाजला.

हो. म्हणून पळाले.

सांगितलं तर दादा मला कच्चं… थांब, आले वाटतं. ठेवू नकोस हां, धर.

हो बाबा, मैत्रीण आहे… नाही, बोला ना.

…बाबा, घासलं होतं त्यानं उत्तमच. बसवताना दोन व्हॉल्व्ह इकडचे तिकडे झाले, एवढंच. मी जागेवर घातले… हो, आता कोरडं आहे… पूर्ण. तुम्हीच ओतून बघा… हो. म्हणजे… हो, बरोबरीच.

हॅलो? आहेस ना? गेले. अगं, जवळजवळ पळत गेले. एरवी गुडघे गुडघे करत असतात.

सांगितलं ना… मुद्दाम केलं ते नाही सांगितलं… माहितीये मला बरोबरी म्हणजे काय, तू नको परत सांगूस.

थांब, दिसतंय खिडकीतून. रॉकेल ओतलं. थांबलेत. खालून बोट फिरवलं… चष्मा लावून बोट बघतायत. दादाला हाक मारली. आला, हातात मोजे तसेच. बाबांनी पाठीत थाप मारली, केवढ्या जोरात, तो टेबलावरच आपटला. आणि खिशातून चावी काढली.

दादा माझ्याकडे बघतोय… मी काय करणार? म्हटलं मानेनंच, बोल आता तुझं तू.

बोलतोय… ऐकू कुठलं येतंय. मोजे पिळतोय नुसते. बाबांचा हात अजून पुढेच आहे, चावी लोंबतेय.

जीप नको म्हणून सांगितलं वाटतं.

नाही, चिडले नाहीत… हसतही नाहीयेत. हेडकडे बघतायत. परत बोट फिरवलं आणि दादाच्या नाकासमोर धरलं ते कोरडं बोट. काहीतरी म्हणाले, त्याच्या हाताचंच असणार, जीपचं नाही. आणि चावी… अगं, चावी स्वतःच्याच खिशात टाकली.

नाही ना, मला नाही, कुणालाच नाही. दोघं मिळून रॉकेल काढतायत आता, हेड चढवायचंय बहुतेक. मला हाक मारतायत, नवं गॅस्केट आण म्हणे.

आले, बाबा…

अगं, सोमवार तोंडावर आलाय. गप्प बसले असते तर ती चावी आत्ता माझ्या खिशात असती… हां, आता बोल. आता बोल तू. तू काय केलं असतंस?