उशीखालच्या पुड्या

(वाकायामातलं रुग्णालय, भेटीची वेळ. खाटेवर तोकुझो आजोबा, शेजारी शाळेच्या गणवेशातली नात चिगुसा.)

चिगुसा : उशी उचला, आजोबा. पुड्या दिसतायत मला.

आजोबा : पोलिसात भरती झालीस की काय?

चिगुसा : जेवणाआधी घ्यायचं औषध आहे ते, उबवायला दिलेली अंडी नाहीत. आतड्याचा तुकडा कापून टाके घातलेत तुम्हाला. आतडं हललं नाही तर पुन्हा पोट फाडतील.

आजोबा : हलतंय.

चिगुसा : वारा सरला?

आजोबा : सकाळी त्या नर्सबाईनं सगळ्या वॉर्डासमोर हेच विचारलं. सरला म्हणालो.

चिगुसा : खरंच?

आजोबा : तिला बरं वाटावं म्हणून.

चिगुसा : धन्य आहात. अहो, यात सुंठ आहे, जिनसेंग आहे आणि तिरफळ. औषधवाले तिरफळ आपल्याच डोंगरउतारावरच्या झाडांचं न्यायचे ना? तुमचंच तुम्हाला प्यायचंय. ईल माशावर भुरभुरवता तेच चिमूटभर जास्त पडलं समजा.

आजोबा : झाडं कशी आहेत?

चिगुसा : आहेत की.

आजोबा : फळ धरलंय?

चिगुसा : पाणी गार होतंय, घ्या ना.

आजोबा : काल तुझा बाप आला होता. बाहीला भुसा होता. तिरफळाच्या लाकडाचा वास मला कळणार नाही? जन्मभर त्याच लाकडाचा बत्ता आपल्या घरात.

चिगुसा : ...बाबा म्हणाले, तुम्ही बरे होईपर्यंत बोलायचं नाही.

आजोबा : सगळी कापली?

चिगुसा : सगळी. तिथे सोलर पॅनल बसतायत. तुमच्यानं आता चढण होणार नाही, काटे सोसणार नाहीत, म्हणाले.

आजोबा : खोटं नाही ते. विचारलं असतं तर मीच म्हणालो असतो, काप रे पोरा, कोहेई. पण मला भूल देईपर्यंत थांबला.

चिगुसा : मग पुड्या फेकून द्यायच्या. लपवल्या कशाला?

आजोबा : गेल्या सालचं आपलं पीक असेल त्यात. फेकवत नाही.

चिगुसा : आणि पिववतही नाही. घेतलं नाहीत तर पुन्हा कापतील, आजोबा.

आजोबा : घेतलं तर घरी सोडतील.

चिगुसा : मी असेन ना घरी.

आजोबा : ...आण ते पाणी. आणि आज गेलीस की उताराकडच्या खिडकीला पडदा लाव. जाड बघ.