खाटेखालच्या विटा

बसले ते सगळे, मागं उभे आहेत ते सगळे, नंदाताईंच्या घरची मंडळी, सगळ्याइले नमस्कार. मले बोलता येत नाही. आई म्हणे, नंदाताई गेल्या, त्याइच्यावर तूच बोल. माइक टेबलावरच ठेवते.

ताई सरकारी ऑफिसात होत्या. बिल्डिंगले पर्यावरणाची मंजुरी द्यायच्या आधी जागा तपासायचं त्याइचं काम. आपण आज जिच्या खालच्या हॉलात बसलो, ती कामगाराइची ही बिल्डिंग तेव्हा कागदावरच होती. आपण इथंच, बुटीबोरीत, टिनाच्या खोल्याइत राहत होतो. फाइल अडकली, फाइल अडकली, एवढंच रोज ऐकू ये. आपल्याले घाई होती. लय घाई होती.

एका रविवारी ताई स्कूटीवर आल्या. बिल्डरच्या इंजिनिअरलेही बोलावलं. तो म्हणे, मॅडम, सुट्टीच्या दिवशी काहून, पत्र पाठवलं असतं तं उत्तर दिलं असतं. ताई म्हणल्या, "तुमच्या उत्तराले महिना लागते. इथं उभं राहून विचारलं तं चहा थंडा होत नाही."

मग त्याइनं आपल्याले विचारलं, पावसात नाल्याचं पाणी कुठवर येते?

आपण काय सांगितलं, आठवते ना? येतच नाही. एकानं सांगितलं, मग दुसऱ्यानं, मग सगळ्याइनं. देवराव काकांनं तं लेकराची शपथ घेतली. हसा काका, ताईही या गोष्टीवर लय हसत. खरं सांगितलं तं मंजुरी जाईन, घर जाईन, हेच भेव होतं.

मग ताई आमच्या खोलीत चहाले बसल्या. इकडं तिकडं पाहिलं. म्हणल्या, "काहून वं, खाट विटांवर चढवली?"

आईनं चहाचा कप पुढं केला. मी तं कोणासमोर बोलतच नव्हती. पण तोंडातून निघालं, "पाणी येते."

"कुठवर?"

मी वरच्या विटेवर बोट ठेवलं.

बाहेर सगळे मले बोलून राहिले होते. हिनं घर घालवलं. ताई दारात आल्या. म्हणल्या, "लवकर मंजुरी द्यायची मलेही घाई आहे गा. पण नाला लपवून घर बांधलं, तं वरच्या मजल्यावरही विटा लागतीन."

इंजिनिअरले त्याच खाटेवर बसवलं. नकाशात बिल्डिंग नाल्यापासून मागं सरकवली, जोतं उंच केलं. नाल्यावर स्लॅब टाकायचा होता, तो खोडला. पाऊस लागायच्या आत मंजुरी आली. घर गेलं नाही. घर लवकर आलं.

शेवटच्या आजारात ताई धंतोलीच्या दवाखान्यात होत्या, तेव्हा मी त्याइले भेटायले गेली. त्याइले बोलवत नव्हतं. तरी विचारलं, "खाट?"

मी म्हणली, "जमिनीवर आहे, ताई."

हसल्या. मग माहा हात धरून ठेवला.

मले अजून बोलता येत नाही. आता सगळे उभे राहू, अन् थोडा वेळ चूप राहू. मागं नाला वाहून राहिला, त्याचा आवाज येईन. खिडकी लावू नका. येऊ द्या.