चार पाट्या शेण

आमचं गाव बिडकीनच्या अंगाला, आजा विहिरी खोदायचा, बापबी तेच, अन् आम्ही मुसलमान तरी गावातल्या निम्म्या मराठ्यांच्या विहिरी आमच्याच हातच्या, म्हणून महं नाव इस्माईल असून समदे मला विहिरवालाच म्हणायचे. बाप हातात ढेकूळ घेऊन खाली काय लागंल ते सांगायचा, आधी मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकाचा दगड बघा, मग काळा पाषाण, अन् त्याच्याखाली काय हाय ते त्यालाबी ठावं नव्हतं.

ते निजामाच्या वक्ताचं सांगतोय. मला दोन लेकरं झाली व्हती तवा हैदराबादहून एक साहेब आले, दगडांचे जाणकार, संगं यंत्र. त्या यंत्रानं जमिनीत लांब भोक पडायचं अन् नळीतून दगडाच्या कांड्या निघायच्या, उसाच्या कांड्यावानी. मला रोजावर ठेवलं, अन् पक्क्या नोकरीची महीच दरखास्त साहेबांनी स्वताच्या हातानं लिहून धाडली. लई शांत माणूस. कांडी हातात धरून सांगायचे, इस्माईल, हा दगड एकदा तापलेला रस व्हता, एकावर एक थर पसरत गेला, हा मधी तांबडा पट्टा दिसतो ना, तवढा काळ जमीन उघडी पडली व्हती. अन् समद्याच्या खाली जुन्या नदीची रेती असंल, त्या रेतीत जळणारी हवा कोंडली असंल, वर ह्या काळ्या दगडाचं झाकण. असंल म्हणायचे, हाय असं कधी म्हणले नाय. हैदराबादचे बडे अंमलदार त्यांना हसायचे, कितीक साल खेटे घातले तवा कुठं ते यंत्र मिळालं.

साहेबांचा हुकूम एकच, मला विचारल्याबिगर भोकात पाण्याशिवाय काय टाकायचं नाय.

आता काय सांगू तुम्हाला, साहेब हैदराबादला गेले अन् इकडं तांबड्या पट्ट्याखाली मांजऱ्या लागला, ओतलं तेवढं पाणी गडप. यंत्राला पाणी लागतंच, न्हाईतर तापतंय. बैलगाडीनं पाणी आणून आणून बैलांचे खांदे सोलले, अन् म्या बापाचा पोरगा, मला अक्कल सुचली, भुसा अन् शेण कालवून चार पाट्या भोकात सोडल्या. फटी बुजल्या, पाणी थांबलं, मी खुश. दोन दिसांनी यंत्राचा दात तुटला, नवा येईस्तोवर महिनाभर काम बंद, वरून चैताचं ऊन.

साहेब परत आले अन् बघत्यात तर भोकाच्या तोंडाशी पाणी बुडबुडतंय. काडी ओढली, वर धरली, तर निळा जाळ! साहेब तिथंच गुडघ्यावर बसले, डोळ्यात पाणी. गावच्या बायका हळदीकुकू घेऊन आल्या, बिडकीनहून माणसं बघाया आली, अन् म्या गर्दीच्या मागं सरकलो. उकिरड्यात शेण कुजलं की जळणारी हवा निघती, ते मला काय ठावं नव्हतं व्हय?

बायकोला सांगितलं. ती म्हणली, गप बसा, नोकरीचा कागद येऊ द्या हातात. मग थोड्या येळानं तीच म्हणली, अवो, पर त्या माणसाला पुन्हा हसतील ना समदे.

सकाळी साहेब शेरवानी घालून टांग्यात बसले, औरंगाबादला जाऊन हैदराबादला तार करायची व्हती, हवा लागली, अजून खोल जायची मंजुरी द्या. म्या घोड्याचा लगाम धरला अन् म्हणलं, हुजूर, ती हवा खालची नाय, म्या शेण टाकलंय. टांगेवाला हसाया लागला. साहेब नाय हसले. किती पाट्या, म्हणले. चार. खाली उतरले, शेरवानी काढून कांड्यांच्या पेटीवर ठेवली. मग म्हणले, धुवा भोक. तीन दिस सोसंल तेवढं पाणी सोडलं, वर काळा घाणेरडा गाळ आला, मग निव्वळ पाणी आलं. काडी धरली तर इझली.

महिन्यानं हैदराबादहून दोन कागद एकदमच आले. एकात मही नोकरी पक्की. दुसऱ्यात काम बंद करा, यंत्र परत धाडा. तोवर नव्या दातानं खोदत व्हतो, पर शेवटची कांडी निघाली ती काळीच व्हती.

म्या साहेबांचे पाय धरले, म्हणलं, गप बसलो असतो तर अंमलदारांनी अजून खोल जाऊ दिलं असतं तुम्हाला. त्यांनी मला उठवलं. म्हणले, इस्माईल, शेणावर मंजुरी मागितली असती तर पुढं खरी रेती लागली तरी कुणी मानलं नसतं. एवढं बोलले अन् पेट्या मोजून गाडीत चढवाया लागले.

त्या नोकरीवर म्या तीन पोरी उजवल्या, पोराला शिकवलं, आता ह्या वसरीत बसून असतो, सून चहा देती, मजेत हाय. कुणी म्हणतं तू खरं बोललास, बरं केलंस. केलं असंल. पर महं पोट भरलं अन् त्यांचं भोक अर्ध्यात राहिलं, हे मला आजबी लागतंय बघा. साहेब गेल्याची खबरबी लई उशिरा कळली. आता नमाज झाली की पोराबाळांच्या आधी त्यांच्यासाठी हात उचलतो अन् म्हणतो, या अल्लाह, त्या माणसानं तुझ्याकडं दुसरं काय मागितलं नसंल, त्याला खालची रेती तेवढी दाखव.