व्यासराजला कोण घेणार

सरस्वतीपुरमच्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर दोघी शेजारणी कानडी मिसळलेल्या मराठीत बोलत बसल्या होत्या.

"यंदाही घरात पैज लावलीत, अंबूताई?"

"लावली की. कबड्डीच्या लिलावात कुठला खेळाडू कुठल्या संघात जाईल, ते प्रत्येकानं आधी सांगायचं. जो जिंकेल त्याच्या आवडीचं जेवण मी करायचं."

"यंदा तुमचा भाचा व्यासराजही लिलावात होता, नाही का?"

"होता ना. त्याच्यासाठी भावानं बेंगळूरु सांगितलं, वहिनीनं पुणे. आमच्या आईला संघ कुठले माहीत? ती म्हणाली, जिथं जेवण बरं मिळेल तिथं."

"आणि तुम्ही?"

"मी पाटणा म्हटलं. लांब आहे, पण मला वाटलं, तिथं त्याला खेळायला मिळेल."

"मग घेतलं कुणी?"

"कुणीच नाही, शांताक्का. त्याचं नाव पुकारलं, एकाही संघानं बोली लावली नाही, आणि पुढचं नाव आलं. वहिनीनं टीव्ही बंद केला."

"अय्यो. मग पैज कोण जिंकलं?"

"तोच. मला कुणी घेणार नाही, असं त्यानं एकट्यानं सांगितलं होतं."

"होदा? खरंच?"

"मी विचारलं, काय करू रे जेवायला? तर म्हणाला, आत्ते, मला कुणीतरी घेईल असं तुम्हा सगळ्यांना खरंच वाटलं होतं?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, अजूनही वाटतं. तेव्हा कुठं हसला. बिसिबेळेभात कर म्हणाला, आणि पुढच्या वर्षी मला ही पैज हरायची आहे."