वायर निघाली ना?

इंदूरच्या एका दवाखान्यात, ऑपरेशन थिएटरबाहेर, माझ्या शेजारच्या बाकावर दोघं बोलत होती.

“पियुष भिया, खरं सांगा. ह्यांना लागलं कसं?”

“वहिनी, छोट्या विमानाची बॅटरी बसली होती. मी आणि हरीनं चाकांवरचं पावर युनिट ढकलत नेलं, वायर लावली. इंजिन चालू झालं.”

“मग?”

“मग वायर काढायची होती. विमानाचा पंखा जवळच फिरत होता. हरी बोलला, इंजिन बंद करा, मग काढतो. कॅप्टन म्हणाले, बंद केलं तर परत चालू नाही होणार. पहले ही लेट है.”

“आणि हे वायर काढायला गेले.”

“गेला. वायर काढली, पण वळताना हात पंख्यात आला.”

“कोणता?”

“उजवा. कोपरापासून गेला, वहिनी.”

“त्यांना माहीत आहे?”

“नाही. अँब्युलन्समध्ये विचारत होता, वायर निघाली ना? मी म्हटलं, निघाली.”

“आणि हाताचं?”

“पट्टी बांधलीये म्हटलं. मेरी हिम्मत नहीं हुई.”

दारातून नर्स म्हणाली, “हरीजी शुद्धीवर आलेत. एकानंच आत या.”

“तुम्ही बसा, भिया. मी सांगते.”

त्या दारापर्यंत गेल्या.

“सिस्टर, आधी तोंड धुऊन येऊ का?”